चकव्याची नवरी आणि शेवटचा फर्मा

छापखाना चालवत होतो असं सांगितलं की लोक लग्नपत्रिकांचं विचारतात, नाहीतर निवडणुकीच्या पत्रकांचं. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यातली पन्नाशीच्या पुढची माणसं मात्र आणखी एक गोष्ट विचारतात, आणि विचारताना हसतात. "त्या भुतांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या तुमच्याकडंच निघायच्या ना? त्या जाड्या बाईच्या?"

हो, आमच्याकडंच निघायच्या. नव्वदीच्या सुरुवातीपासून पुढची पंधरा-एक वर्षं त्या घोडेगावच्या आमच्या छापखान्यात छापल्या, तिथंच घड्या घातल्या आणि तिथंच शिवल्या. मी धंद्यानं मुद्रक, स्वभावानं हिशोबी. आजोबा राजस्थानातून इकडे आले ते किराणा घेऊन. वडिलांनी किराण्याच्या जोडीला वह्या ठेवल्या आणि मी वह्यांवरून छपाईत शिरलो. कादंबरी हा प्रकार आमच्या घराण्यात कुणी विकला नव्हता, वाचला तर त्याहून नव्हता.

आमच्या धंद्याला हंगाम असतो. लग्नसराई, गावोगावच्या यात्रा, शाळा सुरू होण्याचे दिवस, एवढ्यात वर्षाचं बहुतेक काम होतं. मधल्या महिन्यांत यंत्र थांबतं, पण कामगारांचं पोट थांबत नाही. म्हणून तालुक्याच्या गावचे मुद्रक त्या काळी रिकाम्या दिवसांत काहीतरी स्वतःचं छापायचे. कुणी आरत्या, कुणी पाककृती, कुणी वशीकरणाचे मंत्र. मंत्र मला छापायचे नव्हते, कारण लागू पडले नाहीत तर गिऱ्हाईक परत येतं. अशा वेळी सुमनताई आल्या.

सुमनताई शिनोलीच्या. भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच त्यांची आणि त्यांच्या मालकांची पिठाची गिरणी होती. अंगानं चांगल्या भरलेल्या, आणि गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असल्यानं आवाज मोठा. मिरची-हळद कांडून मिळेल, अशी पत्रकं छापायला त्या आल्या होत्या. मजकूर दिला, आणि जाता जाता पिशवीतून कागदांची एक चळत काढून टेबलावर ठेवली.

"भाऊ, हे बी बघा सवडीनं. छापण्यासारखं नसंल तर परत द्या. पाठकोरं हाय, वाया नका घालवू."

ती 'समंधाची मंजुळा'. मी चाळली आणि बाजूला ठेवली. माझ्या बायकोनं ती घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर परत पाठवली, वर चिठ्ठी की हे छापा. गोष्ट अशी होती. मंजुळा खानावळ चालवते. पहिल्याच परिच्छेदात ती बाजारातल्या धान्याच्या काट्यावर उभी राहते, आकडा मोठ्यानं वाचते आणि भजी घ्यायला जाते. पिंपळावर एक ऐन तिशीतला समंध राहत असतो. तो तिला उचलून झाडावर न्यायला येतो. दोनदा प्रयत्न करतो, मग पारावर टेकतो आणि म्हणतो, "तुम्ही सावकाश या, मी थांबतो." तिथून पुढं सगळं पुस्तक त्याच्या थांबण्याचं.

नायिका प्रत्येक पुस्तकात वेगळी, पण प्रत्येक वेळी जाड. नायक प्रत्येक वेळी भूत, आणि भुतांमध्येही जरा बुजरा. सुमनताईंचे काही नियम होते, ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत, पण चार पुस्तकांची अक्षरं जुळवल्यावर माझ्या लक्षात आले. नायिका स्वतःच्या अंगाबद्दल कुणाची माफी मागत नाही. दुसऱ्या पानाच्या आत काहीतरी खाते. आणि शेवटपर्यंत बारीक होत नाही.

या खाण्यापायी माझी पंचाईत होती. आमच्या घरी कांदा-लसूण नाही, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. आणि मी चष्मा लावून मटणाच्या रश्श्याची प्रुफं तपासत बसायचो. तर्रीतला रफार जागेवर आहे का, सुकटीचा उकार ऱ्हस्व की दीर्घ. वडील तेव्हा हयात होते. ते एकदा मागून येऊन दोन ओळी वाचून गेले आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

इथं फर्मा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुस्तक पानापानानं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापतात, मग त्याला घड्या घालतात. त्या सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. असे आठ फर्मे एकावर एक जुळवून शिवले, पाठीला खळ लावून कव्हर चिकटवलं आणि कडा कापल्या की एकशे अठ्ठावीस पानांचं पुस्तक तयार. पानं सोळाच्या पटीतच हवीत. सुमनताईंचं लेखन हमखास तीन-चार पानं वर जायचं. मी निरोप धाडायचो, त्या यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि लेखणी घेऊन कापायच्या. भूत कापायच्या, चांदणं कापायच्या, एकदा खलनायक अख्खा काढून टाकला. जेवण कापलं नाही.

कव्हरं आमच्याकडं होत नसत. ती पुण्याच्या वितरकाकडून छापून यायची. हा वितरक म्हणजे आमचा माल बसस्थानकांवरच्या स्टॉलला पोचवणारा एकमेव रस्ता. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. 'समंधाची मंजुळा'चं कव्हर आलं तेव्हा त्यावर घागर घेतलेली एक चवळीच्या शेंगेसारखी मुलगी होती. सुमनताईंनी ते हातात धरून बराच वेळ बघितलं.

"ही कोण?"

मंजुळा, मी म्हणालो.

"हिला माझ्या गिरणीतला एक डबा तरी उचलंल का?"

मी साहेबांना कळवलं. पुढच्या कव्हरावर तीच मुलगी आली, फक्त घागरीऐवजी कंदील. आमची एवढी पुस्तकं निघाली, पण नायिकेसारखी नायिका कव्हरावर एकदाही आली नाही. याची खंत मला अजून आहे. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांनी आपोआप एक तोडगा काढला होता. ते कव्हर फाडून जाड पुठ्ठ्याची बांधणी करायचे, त्यामुळे त्यांच्या वाचकांनी ती मुलगी कधी बघितलीच नाही.

वाचक कोण होते, असं मला शहरातले लोक विचारतात. ट्रकवाले होते. कॉलेजच्या मुली होत्या. पारगावकडे ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांत एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, हे मला तिथल्या स्टॉलवाल्यानं सांगितलं. तक्रार घेऊन येणारेही होते. नारोडीकडचे एक बाबा पुस्तक परत करायला थेट छापखान्यात आले. त्यांचं म्हणणं, भुताचं पुस्तक म्हणून घेतलं, आणि यातलं भूत कुणाला भिववतच नाही, उलट सासूच्या पाया पडतं. "भूत हाय का जावई?" असं त्यांनी मला विचारलं. मी पुस्तक बदलून दिलं. महिन्याभरानं ते पुढचा भाग मागायला आले.

दुसरे आळेफाट्याचे एक गॅरेजवाले. 'फाट्यावरची फुलाबाई' या पुस्तकात बंद गॅरेजमधला खवीस, शेजारच्या हॉटेलवालीवर जीव जडल्यामुळे, तिच्या गिऱ्हाइकांचे ट्रक फुकटात दुरुस्त करतो. सुमनताईंनी गॅरेजसमोर एक वाकडा कडुनिंब लिहिला होता. या गृहस्थांच्या गॅरेजसमोर तसाच कडुनिंब निघाला. ते तावातावानं आले. ड्रायव्हर लोक गाडी लावतात, म्हणाले, आणि मला सोडून दुसऱ्यालाच शोधतात. "राव, मला तोंडावर विचारत्यात, ते फुकटवालं कुठं गेलं?" मी चहा मागवला. कडुनिंब तालुक्यात पुष्कळ आहेत, वाकडेही आहेत, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण गाड्या जास्त लागतात का, असं मी विचारल्यावर ते बोटांवर मोजायला लागले. जाताना गल्ल्याशेजारी ठेवायला पुस्तकांचा एक गठ्ठा घेऊन गेले.

असं चालू होतं. मग घरोघरी केबल आली. दोन हजारच्या पुढंमागं मी अक्षरजुळणीचे शिशाचे खिळे काढून टाकले आणि ऑफसेट यंत्र घेतलं. हे यंत्र भराभर छापायचं, म्हणजे त्याला भराभर कामही द्यावं लागायचं. त्याच वर्षी सुमनताईंनी 'चकव्याची नवरी' लिहिली. त्यांचं सगळ्यांत चांगलं पुस्तक तेच, असं माझं मत आहे.

चकवा माणसाला वाट चुकवतो, त्याच त्याच जागी फिरवून आणतो. पुस्तकातला चकवा घाटरस्त्यावर असतो आणि आपल्या कामात तरबेज असतो. नायिका सारजा मामाच्या गावाहून एकटी येते. चकवा तिला एक फेरी मारायला लावतो. ती दमते, मैलाच्या दगडावर बसते, भाकरी सोडते आणि उठतच नाही. चालणाऱ्याला चकवता येतं, बसलेल्याला काय करणार? शेवटी तोही दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि ती त्याला अर्धी भाकरी देते. शेवटच्या प्रकरणात त्यांचं लग्न. वऱ्हाड पंगत उठवून घरी निघतं, आणि नवरदेवाच्या सवयीमुळे गावाला वळसा घालून पुन्हा त्याच मांडवात येतं. असं तीनदा. तिन्ही वेळा पाटावर बसतं आणि तिन्ही वेळा जेवतं, आणि प्रत्येक पंगतीला सारजा त्यांच्याबरोबर पहिल्या घासापासून बसलेली असते.

आठही फर्मे छापून झाले होते, तेव्हा पुण्याहून फोन आला. साहेबांनी कच्च्या प्रती वाचायला दिल्या होत्या, बहुधा त्यांच्या घरातल्या कुणाला. दिवाळीला मोठी मागणी आहे, पण शेवट बदला, असं म्हणाले. आता बायका टीव्हीवर कशा दिसतात ते बघा. चकवा शापमुक्त होऊन माणूस व्हावा, जाता जाता सारजाला वर द्यावा आणि तिनं लग्नात सडपातळ दिसावं. प्रकरण त्यांनी पुण्यातल्या एका लेखकाकडून लिहूनही घेतलं होतं, बरोब्बर सोळा पानांचं. नाहीतर माल उचलणार नाही.

मी दुसऱ्या दिवशी शिनोलीला गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. सुमनताईंनी गिरणी बंद केली. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकं रांगेत असताना ती बंद झालेली बघितली नव्हती.

"कव्हर छापलंय का?"

छापलंय, मी म्हणालो.

"म्हंजी नाव माझं आन् शेवट दुसऱ्याचा." त्यांनी पदरानं भुवयांवरचं पीठ पुसलं. "तुमचा बी धंदा हाय भाऊ, मी अडवत न्हाई. छापा. पण ह्याच्यापुढं मी लिवायची न्हाई."

त्यांनी पट्टा पुन्हा चढवला.

पुण्याचा आठवा फर्मा छापला. याच दिवसांत मेहुण्याचं लग्न निघालं आणि मला राजस्थानात जावं लागलं. निघताना बांधणीच्या टेबलाशी सांगून गेलो की वरच्या फळीवरचा नवा फर्मा लावायचा, खालचा जुना रद्दीत घालायचा. बांधणीला तिघी बायका होत्या आणि त्यांची पुढारी हिराबाई. हिराबाईची पद्धत अशी की बाकीच्या दोघी घड्या घालायच्या आणि ती मोठ्यानं वाचायची, मग आपल्या वाट्याच्या घड्या झपाट्यानं उरकायची. काम वेळेत होतं म्हणून मी कधी हरकत घेतली नाही. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या वाचक त्या तिघी.

परत आलो तेव्हा माल गेलेला होता. छापखान्यात लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधून ठेवले होते, नेहमीसारखे रद्दी कागदात. एक गठ्ठा उचलला तर कागदावरची ओळ दिसली: 'सारजाची कंबर आता एका मुठीत मावेल अशी झाली होती.' दुसरा गठ्ठा उचलला. त्यावरही सारजाची कंबर होती. मग ऑफिसातली 'चकव्याची नवरी'ची प्रत काढून शेवट उघडला. वऱ्हाड तिसऱ्यांदा पाटावर बसत होतं.

हिराबाईला बोलावलं. मी काय सांगून गेलो होतो, विचारलं.

"नवा लावा म्हणला व्हता, शेठ."

मग?

"आमी दोन्ही वाचले. नव्यात लगीन हाय आन् पंगत न्हाई." मला ते समजेल याची ती वाट बघत राहिली. "मंगळाष्टका झाल्या की दोघं धुक्यात निघून गेली. वऱ्हाड उपाशी. आसं कुठं लगीन आस्तं का? लोकं नावं ठिवतील, सुमनताईला ठिवतील. नाव तिचं हाय वर."

मी म्हणालो, साहेबांना कळलं तर माल परत येईल आणि यंत्र बंद राहील.

"आला तर आला. पत्रिका बांधायला कागद व्हईल," हिराबाई म्हणाली आणि टेबलाशी गेली. बाकीच्या दोघी मान खाली घालून घड्या घालत होत्या.

मी हिशोबी माणूस आहे. नियमानं बघितलं तर तेव्हाच पुण्याला फोन करायला हवा होता. फोन ऑफिसातच होता. मी त्याऐवजी शिनोलीची एसटी पकडली.

गिरणीत पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या होत्या. लेखिकेला द्यायच्या प्रतींचा गठ्ठा पोचला होता. त्याची सुतळीसुद्धा सोडली नव्हती, वर मिठाची पिशवी ठेवली होती. सुमनताईंनी मला बघून मान हलवली. पत्रकं वगैरे काही छापायची नाहीत आता, म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, गठ्ठा सोडा. शेवटची सोळा पानं बघा."

"मला ठावं हाय आत काय हाय ते."

"तुम्हांला ठाऊक नाही. मलाही आज सकाळपर्यंत नव्हतं."

त्यांनी सुतळी दातानं तोडली, उभ्यानंच पुस्तक उलटं उघडलं आणि वाचायला लागल्या. पहिली पंगत वाचली, दुसरी वाचली. वरचं धान्य संपलं आणि दगड नुसतेच एकमेकांवर घासायला लागले. गिरणीवालीला तो आवाज झोपेतही कळतो. रांगेतली एक बाई ओरडली, अगं सुमन, दगड जळतील. मालकांनी धावत येऊन पट्टा सरकवला. सुमनताई तिसऱ्या पंगतीत होत्या.

वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या पिठाच्या बोटांचे ठसे कव्हरावरच्या बारीक मुलीवर उठले होते.

"कुणी केलं हे?"

मी हिराबाईचं सांगितलं, पंगतीचं कारणही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ते कारण त्यांना पूर्ण वाटलं असावं.

"माल परत आला तर?"

"तर आला," मी म्हणालो. हे वाक्य माझं नव्हतं, पण तोवर तेवढंच तयार होतं.

"ही हिराबाई दिसायला कशी हाय, भाऊ?"

तुमच्यासारखीच, मी म्हणालो. थोडी जास्तच.

दिवाळी गेली. स्टॉलवर न खपलेला माल दिवाळीनंतर परत येतो, म्हणून रस्त्यावर टेम्पो थांबला की मी दाराशी जायचो. टेम्पो आला नाही, फोन आला. साहेब खुशीत होते. उठाव चांगला आहे, आणखी प्रती काढा, म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "मी सांगितलं होतं की नाही? शेवट बदलला की बघा कसा फरक पडतो." मी हो म्हणालो. साहेब पुस्तकाचं कव्हर बघायचे, आत बघत नसत, आणि ती गोष्ट त्यांच्या लक्षात आणून देण्याची मला काही गरज वाटली नाही. त्या लग्नसराईत दोन तालुक्यांतल्या कितीतरी मांडवांत सडपातळ सारजा पत्रिकांना गुंडाळून गेली.

पुढं पाच-सहा वर्षांत हा सगळा धंदाच बसला. स्टॉलवर मोबाइलची कार्डं आली. साहेबांनी वितरण बंद केलं. माझ्याकडे आज सगळ्या पुस्तकांची एक-एक प्रतसुद्धा नाही. त्या वेळी आपण एवढी छापतोय तर एक बाजूला काय ठेवायची, असं वाटायचं.

पण त्याआधी, 'चकव्याची नवरी'नंतरच्या उन्हाळ्यात, सुमनताई पुन्हा पिशवी घेऊन आल्या. नव्या पुस्तकातली नायिका छापखान्यात बांधणीचं काम करते. तिथं खिळे जुळवणाऱ्या एका जुन्या कंपोझिटरचा समंध असतो, रोज तिच्यासाठी चुका दुरुस्त करून ठेवतो आणि समोर यायला लाजतो. मी पहिला फर्मा छापला आणि बांधणीला दिला. टेबलावरचं वाचन ऐकू येत होतं, ते एकाएकी थांबलं. हिराबाई घडी घातलेला फर्मा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"शेठ, हिचं वजन पंच्याऐंशी किलो लिवलंय."

मी म्हणालो, मग?

"माझं ब्याण्णव हाय."

बाहेर यंत्रावर दुसरा फर्मा चालू होता. पहिल्या फर्म्याच्या सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या आणि कागद काही स्वस्त नव्हता. मी यंत्र थांबवायला सांगितलं, छापलेली चळत रद्दीच्या फळीवर ठेवली आणि आकडा बदलून पहिला फर्मा पुन्हा छापला.